वाचून झालेले पुस्तक ठेवावे की द्यावे?

पानखूण
काल येथे एका वाचकाने लिहिले की मुंबईत वाचून झालेली पुस्तके घरात ठेवणे हा मिरवण्याचा हव्यास आहे, खरा वाचक पुस्तक वाचतो आणि पुढे देतो, आणि त्यांनी स्वतः तीनशे पुस्तके एका रविवारी वाटून टाकली. ‘मिरवण्याचा हव्यास’ हे शब्द रात्रभर टोचत राहिले, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्या कादंबरीने विसाव्या वर्षी मला कंटाळा आणला होता, तीच पंचेचाळिसाव्या वर्षी, आईच्या आजारपणात तिच्या उशाशी जागत असताना, ओळीओळीने उलगडत गेली. ती त्या रात्री हाताशी होती, कारण पंचवीस वर्षे तीन भाड्याच्या घरांतून मी ती वाहून नेली होती. रात्री दोन वाजता कोणते वाचनालय उघडे असते? माझ्या घरी येणारे बहुतेक जण पुस्तकांच्या कपाटाकडे पाहतसुद्धा नाहीत, मग मी मिरवतो ते कोणापुढे?

नायगावकर
मूळ मजकूर माझा आहे आणि तो मी मागे घेत नाही. मी बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलो. आम्ही सहा जण होतो. वडिलांची पुस्तके पलंगाखाली पत्र्याच्या ट्रंकेत असत आणि दर पावसाळ्यानंतर त्यांतली काही कसरीने खाल्लेली निघत. माझे वाचन त्या ट्रंकेने घडवले नाही, ते मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने घडवले. १८९८ साली ज्यांनी ती संस्था उभी केली, त्यांनी आपापल्या घरच्या कपाटांना कुलपे लावली असती, तर माझ्यासारख्या मुलाने वाचले काय असते? रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले एक सांगते की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आपल्या कादंबरीने पंचवीस वर्षांत एकाच वाचकाची वाट पाहिली, तीही अंधारात.

निवृत्त ग्रंथपाल
दोघांनाही एक वस्तुस्थिती सांगणे भाग आहे. मी एका उपनगरी वाचनालयात एकतीस वर्षे काम केले. ‘पुस्तके दान करायची आहेत’ असे म्हणून येणारे लोक बहुधा घराचा पुनर्विकास सुरू झाल्यावर येत आणि पोत्यांतून जुनी क्रमिक पुस्तके, रद्द झालेल्या कायद्यांची भाष्ये आणि एकाच गाजलेल्या कादंबरीच्या प्रती आणत. प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवावे लागते, त्याला वर्गांक द्यावा लागतो, बांधणी करावी लागते आणि मुख्य म्हणजे त्याला फळीवर जागा लागते. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद चाळीस वर्षांत पिवळा पडून तुकडे होऊ लागतो, त्याचे काय करायचे? नायगावकर, आपली तीनशे पुस्तके नेमकी कोठे गेली, हे आपण पाहिलेत का?

दादरची सभासद
वाचनालयांचा विषय निघालाच आहे, तर मला वाचनालयाची पुस्तके खराब करणाऱ्यांविषयी बोलू द्या. गेल्या महिन्यात मी आणलेल्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कोणीतरी निळ्या शाईने खुन्याचे नाव लिहून ठेवले होते. दिवाळी अंक घरी आणावा, तर पाककृतीचे पान ब्लेडने कापलेले असते. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून मराठी माणूस एक अंक चार घरांत फिरवून वाचत आला आहे. त्याच माणसाला दुसऱ्याच्या वाट्याचे पान कापताना काहीच वाटत नाही का? पुस्तकात रेघ ओढणारा मनुष्य, पुस्तक स्वतःचे असो वा सार्वजनिक, मला वाचक वाटत नाही.

पानखूण
पाने कापणाऱ्यांविषयी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, परंतु शेवटचे वाक्य मान्य नाही. माझे वडील पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते आणि लोकलमधून येता-जाता वाचत. त्यांनी घेतलेल्या तुकाराम गाथेच्या समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी आहेत. एका अभंगाशेजारी केवळ एक तारीख आहे, माझ्या धाकट्या भावाच्या मृत्यूची. घरात वडील त्याविषयी कधीही बोलले नाहीत. जे मला समजले, ते त्या समासातून. आपल्या व्याख्येने माझे वडील वाचक ठरत नसतील, तर ती व्याख्या चुकीची आहे.

दादरची सभासद
आपल्या वडिलांविषयी मी काहीही म्हटलेले नाही आणि वैयक्तिक दुःख पुढे करून मुद्दा बंद करू नये. ती प्रत उद्या वाचनालयाला दिलीत, तर पुढच्या वाचकाला त्या तारखेचा अर्थ कसा लागणार? त्याला अभंग आणि त्याच्यामध्ये एक परका मनुष्य उभा असल्यासारखे वाटेल.

पानखूण
ती प्रत मी देणार नाही. मी सकाळपासून हेच तर सांगतो आहे.

नायगावकर
गाथेची ती प्रत देऊ नये, एवढे मी मान्य करतो. बाकीच्या पुस्तकांबद्दल माझे मत तेच आहे. ग्रंथपाल महोदयांच्या प्रश्नाचे उत्तर असे की दोनशेच्या आसपास पुस्तके दोन शाळांत गेली, उरलेली मी एका संस्थेच्या माणसाच्या स्वाधीन केली आणि नंतर विचारले नाही. विचारायला हवे होते. तीनच आठवड्यांनी माहेश्वरी उद्यानाजवळच्या पदपथावर माझ्याच सहीचे एक पुस्तक मला साठ रुपयांना दिसले. त्याला वाचक मिळेल, असे म्हणून मी पुढे गेलो खरा, पण त्या रात्री झोप लागली नाही, हेही नोंदवतो.

निवृत्त ग्रंथपाल
पदपथावरच्या विक्रेत्याकडे गेलेले पुस्तक वाचले जाण्याची शक्यता बंद खोलीतल्या पोत्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. मात्र सभासदबाईंना सांगतो की आमच्याकडे परत आलेल्या पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा आम्ही दर शनिवारी खोडरबराने पुसत असू. शाईचे काहीच करता येत नसे.

दादरची सभासद
मग देवघेवीच्या खिडकीवरच पुस्तक उलगडून पाहावे आणि शाई दिसली तर अनामत रकमेतून दंड कापावा. माझ्या वाचनालयात मी ही मागणी दोनदा लेखी केली आहे आणि तिसऱ्यांदाही करणार आहे.