स्टेजसाठी दुसरी इलेक्ट्रिक गिटार: २० हजारांत काय घ्यावं?

पंचगंगा

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. आठवडाभर नोकरी, आणि लग्नसराई, गणपती, नवरात्र आलं की ऑर्केस्ट्रात गिटार. हिंदी-मराठी, जुनं-नवं, समोरचे मागतील ते वाजवतो. गिटार एकच आहे, मेक्सिकोत बनलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर, तारा ९-४२ (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). तिच्याबद्दल काही तक्रार नाही.

अडचण आहे ती तार तुटल्यावरची. ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलणारा ब्रिज (तारा बॉडीवर जिथे बसतात तो भाग), तरंगता ठेवलाय. त्यामुळे एक तार गेली की मागच्या स्प्रिंगा ब्रिज खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. नवरात्रात भर गाण्यात हेच झालं. कीबोर्डवाल्याने माझे तुकडे वाजवून वेळ निभावली, पण गायिकेला सूर धरायला किती त्रास होतोय ते दिसत होतं. तिच्यावर पुन्हा अशी वेळ आणायची नाही.

म्हणून दुसरी गिटार. बजेट २० हजार, फार तर २२. तीच रात्री घरी रियाजाला चालली तर उत्तम. घरात तान्हं बाळ आहे, ॲम्प लावता येत नाही. स्क्वायर सॉनिक, यामाहा पॅसिफिका ०१२, कॉर्ट आणि आयबानेझ जिओ एवढी नावं काढली आहेत. जुनी घ्यावी का? इथे हातात घेऊन बघायला फारसं मिळत नाही, पुण्याला जाऊन यायची तयारी आहे.

सहावी_तार

पॅसिफिका ०१२. डोळे झाकून. माझ्याकडे आहे, क्लासमधल्या दोघांकडे आहे, तिन्ही गिटारी हाताला सारख्याच लागतात. या किमतीत हे फार दुर्मीळ. मुंबईला जाणं होणार असेल तर धोबीतलावला फुर्टाडोसमध्ये बघून घ्या.

सोल्डरगन

पंचगंगा, ब्रँडकडे वळण्याआधी एक सांगा. तार नेमकी कुठे तुटली? सॅडलपाशी (ब्रिजवर तार टेकते ती पट्टी), नटपाशी (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) की खुंटीपाशी? दर वेळी एकाच जागी तुटत असेल तर दोष तारेचा नाही. सॅडलवर तार टेकते तिथे बारीक धार आलेली असते, ती तार कापते. बारीकातला बारीक पॉलिश पेपर दुमडून त्या खाचेतून हलक्या हाताने दोन-चारदा फिरवा. दुसरी गिटार घ्याच, पण आधी हे करा, कारण धार तशीच राहिली तर प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात तुम्हाला दुसरी गिटार उचलावी लागेल.

आता गिटार. पुण्यात दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे स्वस्त गिटारी रोज हाताखालून जातात. माझं ठाम मत असं की बॅकअप गिटार निवडताना ती किती चांगली आहे हे दुसऱ्या नंबरवर ठेवावं. पहिल्या नंबरवर, ती तुमच्या मुख्य गिटारीच्या किती जवळ आहे. गाणं चालू असताना गळ्यातली काढून दुसरी अडकवली आणि पुढच्या ओळीला हात जाऊन पोचला पाहिजे. स्ट्रॅटची स्केल लेंग्थ (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सनच्या लेस पॉल घराण्यातली २४.७५ इंच, साधारण ६२८. दोन सेंटिमीटरचा हा फरक घरी बसून जाणवत नाही, पण घाईत स्लाइड मारली की बोट पुढे जाऊन पडतं. त्यामुळे त्याच घराण्यातली एपिफोन कितीही आवडली तरी या कामासाठी नको.

शिवाय लेस पॉल पद्धतीत हेडस्टॉक मागे कललेला असतो. गिटार पाठीवर पडली की नटच्या मागे नेक तडकते. फेंडर पद्धतीचा हेडस्टॉक नेकच्या सरळ रेषेत असतो, नेकही चार स्क्रूंनी बसवलेली असते. स्पीकरच्या पेट्यांबरोबर टेम्पोतून फिरणाऱ्या गिटारीसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

दुसरी अट, ब्रिज पक्का हवा. सॉनिक स्ट्रॅट घेणार असाल तर एचटी नावाची घ्या, तिला ट्रेमोलो नाही. किंवा सॉनिक टेलिकास्टर. टेलीत मधला पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकाची कॉइल) नसतो, त्यामुळे स्ट्रॅटच्या स्विचचा दोन आणि चार नंबरचा तो पातळ, गोड आवाज मिळणार नाही. पण गाणं पार पडेल.

तिसरी अट, दोन-तीन हजार सेटअपसाठी बाजूला ठेवा. म्हणजे गिटार १८ च्या आत बघा. स्वस्त गिटारीचं लाकूड आणि रंग यावर लोक तासन् तास बोलतात, पण स्टेजवर दगा देतात त्या वेगळ्याच वस्तू: नटच्या उथळ राहिलेल्या खाचा, सैल खुंट्या, खरखरणारे पॉट (आवाजाच्या घुंड्यांमागचे) आणि ढिला जॅक. पहिल्या तीन फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) कॉर्ड बेसूर लागत असेल तर नव्वद टक्के वेळा नट उंच असतो. तो खोल केला, ॲक्शन (तारांची उंची) आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) लावलं की तीच गिटार पूर्ण वेगळी वाटते.

फेडर_वर

डोंबिवलीहून. मी साउंडवाला, म्हणून माझ्या बाजूने लिहितो.

मधेच गिटार बदलली की आम्हाला सगळ्यात जास्त त्रास देते ती लेव्हल. सिंगल कॉइलची (एका कॉइलच्या पिकअपची) गिटार काढून हंबकरवाली (दोन कॉइलच्या पिकअपची) लावली की एकदम मोठा, जाड आवाज येतो आणि गायक त्याखाली दबतो. म्हणून दुसऱ्या गिटारीसाठी प्रोसेसरमध्ये (इफेक्टच्या पेटीत) वेगळा पॅच, म्हणजे वेगळी सेटिंग, करून ठेवा. घरी दोन्ही गिटारी एकामागून एक वाजवून आवाज सारखा करा, कार्यक्रमाच्या दिवशी नाही.

तरी मी पॅसिफिकाच्याच बाजूने आहे. मांडवात जनरेटर, डिमर, एलईडीच्या भिंती. यात सिंगल कॉइल घुरघुरते. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट गुंडाळलेल्या आणि उलट ध्रुवांच्या असतात, म्हणून बाहेरून आलेली घुरघुर एकमेकींत कापली जाते. ०१२ मध्ये ब्रिजला हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल आहेत. एरवी सिंगल कॉइलवर वाजवा, लाइन फार घाण असेल तेव्हा हंबकरवर या.

आणि कळकळीची विनंती, ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कापू नका आणि कोणाला कापू देऊ नका. गिटारीच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. मांडवात अर्थिंग नसेल तर हात तारेवर आणि ओठ माइकला लागले की शॉक बसतो. जिवावर बेतू शकतं. वाजवायला उभं राहण्याआधी टेस्टर माइकच्या जाळीला आणि तारांना लावून बघा. दिवा लागला तर लाइन दुरुस्त होईपर्यंत वाजवायचं नाही, आयोजक कितीही घाई करोत.

सोल्डरगन

घुरघुरीचा मुद्दा मान्य. स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर दोन आणि चार नंबरवर तीसुद्धा शांत होते, दुकानात स्विच फिरवून कानाने तपासा. पण पॅसिफिकाला ट्रेमोलो आहे. घेतलीत तर मागचं झाकण काढून स्प्रिंगा वाढवा आणि त्या अडकवलेल्या पट्टीचे दोन्ही स्क्रू आवळा, म्हणजे ब्रिज बॉडीला टेकून बसेल. मग तार तुटली तरी बाकीच्या जवळपास सुरात राहतात.

हेच तुमच्या फेंडरलाही करता येईल. दांडी खाली दाबता येते, वर ओढता येत नाही, एवढाच तोटा.

पंचगंगा

सोल्डरगनदादा, तार सॅडलपाशीच तुटली होती. भिंगातून बघितलं, पहिल्या तारेच्या सॅडलवर खरंच धार आहे. पेपर फिरवला.

फेडर_वर, टेस्टर आजच गिटारच्या बॅगेत टाकला. या माहितीबद्दल मनापासून आभार.

स्क्वायरबद्दल एक शंका. आमचा ड्रमर म्हणतो ती फेंडरची नक्कल आहे, घेऊ नको.

सहावी_तार

नक्कल नाही. व्ही. सी. स्क्वायर ही तारा बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी, फेंडरने १९६५ साली विकत घेतली. १९८२ मध्ये जपानमध्ये बनणाऱ्या गिटारींवर फेंडरने स्वतःच ते नाव टाकलं. आकार, हेडस्टॉक सगळं अधिकृत आहे. जपायचं ते ऑनलाइन मिळणाऱ्या, फेंडर किंवा गिब्सन छापलेल्या खोट्या गिटारींपासून. भाव अविश्वसनीय कमी दिसला तर पुढे जाऊ नका.

संत्रानगरी

नागपूरहून एक भर. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात. महागड्या गिटारींनाही होतं, स्वस्तात जास्त. दुकानातल्या एसीत गुळगुळीत वाटणारी नेक मे महिन्यात बोटं खरचटवते. कोल्हापुरात इतकं होणार नाही, पण विदर्भ-मराठवाड्यातले वाचत असतील तर त्यांनी सेटअप उन्हाळ्यात करून घ्यावा.

हल्लीच्या स्वस्त गिटारींवर रोझवुडऐवजी लॉरेल असतं. ते कसं आहे?

मांडवीकाठ

गोव्यातून. आमचा त्रास नागपूरच्या उलटा. पावसाळ्यात तारा आठवड्यात गंजतात आणि नेक पुढे वाकते. बॅकअप गिटार बॅगेत पडून असते, तिला हे जास्त बाधतं. महिन्यातून एकदा तरी काढून सुरात लावा, वाजवा, पुसून ठेवा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) फिरवायचा झाला तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नको.

लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारा ऐन. २०१७ मध्ये शिसवीच्या (रोझवुडच्या) सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा कंपन्यांनी स्वस्त गिटारींवर तो आणला. तयार वाद्यांना २०१९ च्या शेवटी सूट मिळाली, तरी लॉरेल राहिला. लाकूड टणक आहे. रंग थोडा फिका, कधी कोरडा दिसतो, तेवढ्यासाठी वर्षातून एकदा-दोनदा तेलाचा हात पुरतो. यावरून गिटार नाकारू नका.

नीरव_रियाज

ठाण्याहून. रियाजाचा भाग सगळ्यांनी सोडून दिला, म्हणून मी लिहिते. घरात बाळ असेल तर जॅकमध्ये थेट बसणारा छोटा हेडफोन ॲम्प घ्या. व्हॉक्सचा ॲमप्लग वर्षानुवर्षं मिळतोय, मोबाइलमधून गाणं आत घ्यायला एक वायर जोडली की मूळ गाण्याबरोबर वाजवता येतं. प्रोसेसर असेलच तर त्याच्या हेडफोन भोकातूनही काम होतं, वेगळा खर्च नको. मात्र आठवड्यातून एकदा तरी मोठ्या आवाजात ॲम्पवर वाजवा. कानात सगळं गोड लागतं, पण न वाजवलेल्या तारांची कुरकुर आणि उजव्या हाताचा जोर स्पीकरवरच कळतो.

आता दुसऱ्या गिटारीचा उपयोग. तुमचे गायक जुनी गाणी अर्धा सूर खाली मागतात का? आमच्याकडे रोजचं आहे. मी माझी बॅकअप कायम अर्धा सूर उतरवून ठेवते. तिला ९ ऐवजी १०-४६ तारा लावते, कारण उतरवल्यावर ९ नंबर ढिल्या पडतात आणि १० नंबर हाताला मूळ ९ सारख्या लागतात. ती खालच्या पट्टीच्या गाण्यांना वापरते. मुख्य गिटारीची तार तुटली तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), गिटार मूळ सुरात. नेकवरचे खुणेचे ठिपके एका घराने सरकतात, त्याची सवय आधी घरी करावी लागते, आणि कॅपो लावल्यावर सूर एकदा तपासावा लागतो. पण गिटार कपाटात न पडता प्रत्येक कार्यक्रमात वाजते, त्यामुळे ऐन वेळी तिच्यात काय बिघडलंय हा प्रश्न येत नाही.

राइनकाठ

जर्मनीहून. इथे टोमान या दुकानाच्या हार्ली बेंटन गिटारी फार स्वस्त मिळतात आणि चांगल्या असतात. दर दिवाळीला गावाकडून कोणीतरी आणायला सांगतंच. पण विमानातलं सामान, कस्टम, आणि पुढे काही बिघडलं तर परत पाठवायची सोय नाही. बॅकअपसाठी तुमच्या गावात किंवा पुण्यात बदलून मिळेल अशीच घ्या.

सोल्डरगन

नीरव_रियाज ताईंची कॅपोची युक्ती उत्तम आहे. स्ट्रिंग गेज बदललं की नटच्या खाचा, इंटोनेशन आणि ट्रस रॉड पुन्हा बघावा लागतो, म्हणून सेटअपला देताना सूर आणि तारा आधी सांगा.

जुनीबद्दल विचारलं होतंत. माझं मत, जुनी जरूर बघा. या पैशात जुनी स्क्वायर ॲफिनिटी किंवा पॅसिफिका ११२ मिळून जाते, आणि ११२ ही ०१२ पेक्षा खूप वरची आहे. जाताना ट्यूनर आणि केबल घेऊन जा. हेडस्टॉककडून नेकवर नजर लावा, पिळवटलेली असेल तर तिथूनच परत फिरा. पहिली आणि सहावी तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तारेला नुसतं स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळतोय का बघा. केबल लावून जॅक हलवा, पॉट फिरवा. पॉट-जॅक दोन-चारशेत बदलता येतात, ते भाव कमी करायला वापरा. पण ट्रस रॉड फिरत नसेल किंवा पहिल्या दोन तारांखाली फ्रेट खोल झिजले असतील तर स्वस्त म्हणून घेऊ नका, दुरुस्ती गिटारीच्या किमतीला जाते.

पंचगंगा

ठरलं. पुण्यात एकांकडे पॅसिफिका ११२ व्ही आहे, रविवारी बघायला जातोय. नेक किंवा फ्रेट पसंत नाही पडले तर त्याच दिवशी सॉनिक एचटी नवीन घेणार. दोन्हींपैकी जी येईल तिला १०-४६ तारा, अर्धा सूर खाली, ट्रेमोलो असेल तर टेकवून. कॅपो कालच घेतला. आमचे गायक रफींची गाणी अर्धा सूर खालीच गातात, त्यामुळे ती रोज वाजेल. सोल्डरगनदादा, सेटअपसाठी तुमच्याकडेच घेऊन येतो, निरोप पाठवला आहे.

आई_आणि_गिटार

याच धाग्यात विचारते. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला इलेक्ट्रिकच हवी आहे. मोठ्या गिटारीवर पहिल्या फ्रेटपर्यंत हात पोचत नाही. काय बघू?

नीरव_रियाज

स्क्वायर सॉनिक मस्टँग. स्केल २४ इंच, ब्रिज पक्का, वजनाला हलकी. तारा ९ नंबर. ॲक्शन जमेल तेवढी खाली करून घ्या, बोटं कमी दुखतील आणि ती स्वतःहून हातात घेईल. खुर्चीत बसवून मांडीवर देऊन बघा. डावा खांदा वर न उचलता पहिल्या फ्रेटवर बोट पोचलं तर लगेच घ्या, नाहीतर अजून लहान स्केलची बघावी लागेल.