मदत हवी आहे : आईला संध्याकाळच्या उंटसफारीला न्यावं का?

डिसेंबरात आम्ही पुण्याहून जैसलमेरला जातोय. आईचं वय ६८, गुडघे दुखरे, पण वाळूच्या टेकडीवरून सूर्यास्त बघायची तिची फार इच्छा आहे. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे वर बसलेला माणूस एकदम पुढे झुकतो. मागच्या वेळी खोगीर दोन्ही हातांनी घट्ट धरूनही माझ्या पोटात गोळा आला होता. तिला ते झेपेल का?

सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या जैसलमेर शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, पण तिथे गर्दी आणि जीपगाड्यांचा गोंगाट फार. खुरी गावाजवळच्या टेकड्या त्यामानाने शांत. तिथे उंटगाडी मिळते का, आणि ती वाळूत कुठपर्यंत जाते? घरच्या ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा. अंधार पडल्यावर तिला शाल पुरेल की स्वेटर, कानटोपी सगळंच घेऊ?