अपडेट झालं, पण प्रोग्राम जुनीच लायब्ररी धरून बसलाय

निपाणीच्या दादांनी विचारलंय, उबुंटू लिनक्सवर हार्फबझ (अक्षरांना योग्य आकार देणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) अपडेट केलं तरी उघड्या लिबरऑफिसात कन्नड-मराठी जोडाक्षरं पूर्वीसारखीच का? अहो, अपडेट जुन्या फाइलवर लिहीत नाही. त्याच नावावर नवी फाइल येते. जुनीचं नाव पुसलं जातं, पण चालू प्रोग्राम तिला मेमरीत धरून ठेवतो. टर्मिनलमध्ये ‘सुडो एलएसओएफ’ (sudo lsof, कोणत्या प्रोग्रामने कोणती फाइल धरलीय ते दाखवणारी आज्ञा) चालवा, त्या लायब्ररीच्या ओळीत ‘डीईएल’ (DEL, म्हणजे पुसलेली फाइल) दिसेल. नुसती खिडकी बंद करून भागत नाही, पॅनेलवर लपलेला प्रोग्राम चालूच असतो, ‘क्विट’च करा. ग्नोम शेल (डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम) जुनी लायब्ररी धरून बसलं असेल तर लॉगआउट. डी-बस (प्रोग्रामांचे आपसातले निरोप पोचवणारी सेवा) मात्र हाताने रीस्टार्ट करू नका, अख्खं सेशन कोसळू शकतं. जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ लायब्ररी) बदललं असेल तर सरळ रीबूट. आपल्याकडे लाइट गेली की तेही आपोआप होतं म्हणा. स्नॅप-फ्लॅटपॅकवाल्या (स्वतःच्या लायब्रऱ्यांसकट बांधून येणाऱ्या) प्रोग्रामांच्या लायब्रऱ्या वेगळ्या, ते स्वतंत्रपणे अपडेट करायचे.