पाळी अनियमित, स्तनात साधी गाठ: प्रोलॅक्टिन पुन्हा कधी तपासू?

मैत्रिणींनो, जरा मदत हवी आहे. वय ३४. उजव्या स्तनात दोन सेंटीमीटरची गाठ, बोटाखाली गोटीसारखी सटकते. सोनोग्राफी आणि बायोप्सी झाली, फायब्रोॲडेनोमा निघाला. कॅन्सर नाही, त्यामुळे ती धास्ती मिटली.

आता घोळ पाळीचा आहे. कधी २४ दिवसांनी, कधी थेट ५० दिवसांनी. पाळीआधीचा आठवडा स्तन इतके ठणकतात की कुशीवर झोपता येत नाही. रक्त तपासलं तर प्रोलॅक्टिन (स्तनात दूध तयार करवणारं हार्मोन) ३८ आलं (रिपोर्टवर मर्यादा २५ची), टीएसएच किंचित जास्त, म्हणजे थायरॉइड जरा मंद असू शकतं. थायरॉइड मंदावलं की प्रोलॅक्टिन वाढतं, हे माहीत आहे. पण त्या दिवशी मी धावतपळत लॅबमध्ये पोचले आणि सुई पाहून घाबरले होते. ताणानेही आकडा चढतो म्हणे!

ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी सांगा: दुसऱ्यांदा तपासताना किती वेळ शांत बसवलं? प्रोजेस्टेरॉनची (बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन) तपासणी पाळीच्या २१व्या दिवशी करा असं सांगितलंय, पण ज्या बाईची पाळी ५० दिवसांनी येते तिने २१वा दिवस धरून काय उपयोग? थायरॉइडच्या गोळ्यांनी कुणाची पाळी सुधारली का, आणि दुखणं? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे, प्रश्न लिहून न्यायचेत.