ग्रेगरी व्लास्तोस यांचा मुख्य ग्रंथ इतक्या उशिरा का आला?

प्रश्न:
ग्रीक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक ग्रेगरी व्लास्तोस यांचा सॉक्रेटिसवरील ग्रंथ १९९१ मध्ये, त्यांच्या निधनाच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. १९०७ मध्ये इस्तंबूलला जन्म, हार्वर्डची डॉक्टरेट आणि पुढे क्वीन्स, कॉर्नेल, प्रिन्स्टन व बर्कली येथे अध्यापन, अशा प्रदीर्घ कारकिर्दीत त्यांचा दबदबा नेमका कशामुळे निर्माण झाला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
मुख्यतः लेखांमुळे. 'पार्मेनिडीझ' या संवादात प्लेटो स्वतःच्याच रूपसिद्धांतावर, म्हणजे वस्तूंना एखादा गुण त्या गुणाच्या स्वतंत्र, शाश्वत 'रूपा'मुळे लाभतो या मतावर, आक्षेप घेतो: अनेक मोठ्या वस्तू 'मोठेपणा' या रूपामुळे मोठ्या ठरतात, पण ते रूपही मोठेच असेल, तर त्या सर्वांसाठी आणखी एक रूप मानावे लागते आणि ही मालिका कुठेच थांबत नाही. व्लास्तोस यांनी १९५४ च्या लेखात हा युक्तिवाद पायरीपायरीने मांडून दाखवले की, त्यामागे दोन अनुच्चारित गृहीतके आहेत, एक म्हणजे रूपाला स्वतःचाच गुण लागू होतो आणि दुसरे म्हणजे ज्याला तो गुण लागू होतो ते त्या रूपाहून वेगळे असते, आणि ही दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. प्लेटोला ही अडचण प्रामाणिकपणे जाणवली होती, पण तिचे मूळ सापडले नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर लेखांची जी रीघ लागली, ती अनेक दशके थांबली नाही. माझ्या मते प्राचीन ग्रंथाशी आजच्या तर्कशास्त्राच्या काटेकोरपणाने वाद घालण्याची रीत रुजवण्यात या एका लेखाचा वाटा फार मोठा आहे.

प्रतिसाद २:
उशिराचे कारण त्यांच्या स्वभावातही शोधावे लागेल. पन्नासच्या दशकात त्यांनी सॉक्रेटिसवर एक हस्तलिखित तयार केले होते, परंतु ते मनास न आल्यामुळे छापले नाही. दरम्यान टेरेन्स अर्विन यांच्यासारखे विद्यार्थी त्यांनी घडवले, आणि हे विद्यार्थी गुरूंची मते खोडून काढत, याचे त्यांना कौतुक होते.

प्रतिसाद ३:
एक मतभेद नोंदवणे आवश्यक वाटते. प्लेटोच्या सुरुवातीच्या संवादांतला सॉक्रेटिस ऐतिहासिक आणि मधल्या संवादांतला प्लेटोचीच मते मांडणारा, ही व्लास्तोस यांची विभागणी प्लेटोचे अभ्यासक चार्ल्स कान यांनी १९९६ मध्ये ठामपणे नाकारली, आणि मलाही कान यांचीच बाजू अधिक पटते. तरीही सॉक्रेटिसच्या उलटतपासणीवरील व्लास्तोस यांचा १९८३ चा लेख आपण अवश्य वाचावा. प्रतिपक्षाच्या मतांतील विसंगती दाखवली म्हणजे त्याचे मूळ विधान खोटे ठरते काय, हा त्यातील प्रश्न आजही सुटलेला नाही.