बाहुलीघराचा सोपा (पुढची ओसरी): आधी रंग की आधी जोडणी?

प्रश्न: भाचीसाठी १:१२ मापाचं बाहुलीघर करतोय, म्हणजे खऱ्या एका फुटाला एक इंच. घर उभं राहिलंय, सोपा बाकी आहे. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराचाच हवाय: काळ्या दगडाचं जोतं, चार सागवानी खांब, वर कौलं. शहाबादी फरशीसाठी पुठ्ठ्याचे दोन-दोन इंची चौकोन कापलेत. खांब चिकटवून मग रंगवू का? आणि जोत्याचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) या पावसाळी हवेत फुगेल का?

उत्तर: दादा, आधी रंग. फेव्हिकॉलचा ओघळ लाकडावर वाळला की तिथं स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मुरतच नाही, पांढरट डाग राहतो. खांब ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, उठलेली कूस, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हळू घासा, मग स्टेन. खालचं-वरचं टोक मात्र कोरं ठेवा, डिंक तिथंच धरतो.

उत्तर: एमडीएफ पाणी पितो तो कापलेल्या कडेतून. कडांना चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात द्या. तो स्पिरिटमधला असतो, त्यामुळं कड फुगत नाही. वर ॲक्रिलिक.

उत्तर: खांब कशाचे घेतलेत? गोल काड्या नकोत, फार किरकोळ दिसतात. अर्धा इंची चौकोनी पट्टी घ्या, म्हणजे खऱ्या मापात सहा इंची जाडीचा खांब झाला. सोप्याचा सगळा रुबाब खांबात असतोय.

प्रश्नकर्ता: पट्टी आजच आणतो. चपडा घरात आहेच.