बिबट्या चांदोलीला नेऊन सोडा म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

कृष्णाकाठ
ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आपल्या कराड-वाळवा पट्ट्यात दरवर्षी तेच. मजुरांची टोळी उसाचा फड तोडत आत सरकते, शेवटच्या चार-दोन सऱ्यांत बिबट्याची पिल्लं सापडतात, त्यांना हातात घेऊन व्हिडिओ निघतात आणि संध्याकाळी ग्रामपंचायतीत मागणी: पिंजरा लावा, सगळे बिबटे चांदोलीच्या जंगलात सोडा.

हा प्रयोग जुन्नरात होऊन गेलाय. २००१ ते २००३ या काळात तिथले बिबटे धरून दुसरीकडे सोडले, आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्यावर काम केलंय. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक नर बिबट्या जीपीएस कॉलर लावून माळशेजला सोडला, तर गडी शंभरावर किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलापर्यंत गेला. चांदोलीतून शिराळ्याच्या उसात परत यायला त्याला कितीसा वेळ?

आता प्रश्न. २०२१ मध्ये कराडजवळच्या येणक्यात बिबट्याने नेलेलं मूल ऊसतोड मजुराचं होतं. उसाच्या बांधाला कोपी म्हणजे मजुरांची झोपडी, दाराला कापड, दिवा नाही, संडास नाही. पहाटे आईबाप फडात आणि मूल मागं. बैठकीत शेळीची भरपाई निघते, पिंजरा निघतो. कोपीचा विषय कितीदा निघाला? त्या लोकांचं मत इथल्या यादीत नाही, म्हणून?

शिराळकर
दादा, लिहायला छान आहे. माझ्या गोठ्यात मागच्या पावसाळ्यात शिरला. तीन बाजूंनी भिंत, वर पत्रा, पुढं लाकडी फाटक. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभरापेक्षा थोडी जास्त फट होती, तेवढ्यातून आत आला. एक शेळी नेली, दोन नुसत्या नरडं फोडून टाकल्या. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही, म्हणून भर पावसात दिवसभर माश्या हाकलत बसलो. भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा सरकारने ठरवलेली कमाल रक्कम, त्यातलं कमी असेल ते. गाभण शेळीच्या पोटातली करडं कोण धरतं हिशोबात?

मजुरांचं खरं आहे, नाही म्हणत नाही. पण त्यांच्या आडून आमची मागणी खोटी ठरवू नका.

उरमोडी_वारा
वनखात्यानेच आणून सोडलेत. आता तर वाघीणपण आणली.

कृष्णाकाठ
वाघीण २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातून चांदोलीत आणली, ती उघडपणे, पेपरात बातम्या देऊन. चांदोली ज्यात येते तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० पासून आहे आणि वाघ मोजकेच, म्हणून. त्याचा उसातल्या बिबट्याशी काय संबंध?

बिबट्याला कुणी आणून सोडायची गरजच नाही. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, पाटाला पाणी, बाहेर मोकाट कुत्री आणि डुकरं. पिल्लं वर्ष-दीड वर्ष आईच्या मागं फिरतात, म्हणजे वाढतात ती उसातच. त्यांना तुम्ही चांदोलीच्या जंगलात 'परत' पाठवताय म्हणे!

पोल्ट्रीवाला_नाही
मोकाट कुत्र्यांबरोबर मेलेल्या कोंबड्यांचंही लिहा की. रात्री पोती भरून ओढ्यात टाकतात. टाकणारे कोण ते अख्ख्या गावाला माहीत आहे, बोलायचं कुणी?

शिराळकर
कुत्री हटवली तर तो थेट शेळीवर येणार. तेही बोला.

माणदेशी
आमच्याकडचे मेंढके वाघर म्हंजे जाळं लावून मेंढरं कोंडतात, कडेनं कुत्री, माणसं आळीपाळीनं जागी. तरी एखादं जातंच. पण शंभर मेंढरांमागं एक जाणं आणि एका रात्रीत तीन जाणं यात फरक हाय. शिराळकर दादा, त्या फटीला जाळी मारली का नाही अजून?

शिराळकर
मारली. चेनलिंकची, स्वतःच्या पैशाने. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने काय करावं?

गणिताचा_मास्तर
भावना बाजूला ठेवा. संख्या वाढली हे कुणी नाकारत नाही. जुन्नरसाठी राज्याने नसबंदीचा प्रस्ताव केंद्राकडे नेलाच आहे. तोच आपल्याकडे आणा आणि माणसावर येणाऱ्याला गोळी घाला. संपला विषय.

कृष्णाकाठ
मास्तर, विषय इतका लवकर संपत नाही. नसबंदी केलेली मादी त्याच उसात राहणार आणि शेळी तशीच खाणार. फरक पडलाच तर काही वर्षांनी, ह्या हंगामात नाही. गोळीचं म्हणाल तर १९७२ च्या कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात, पण जनावर माणसाच्या जिवाला धोका झालंय आणि धरणं, बेशुद्ध करणं शक्य नाही, हे आधी लेखी मांडावं लागतं. तसा एखादा निघालाच तर त्याला काढावाच लागेल, माझा विरोध नाही. पण दिसला म्हणून पिंजरा, हे मला मान्य नाही.

गणिताचा_मास्तर
धोका ठरवायला आधी एक माणूस जाऊ द्यायचा का? मग भरपाईचे २५ लाख देऊन काय उपयोग?

कृष्णाकाठ
ह्याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. पण पिंजऱ्यात सापडलेला तोच, हे तरी कसं ठरवता? बहुतेक वेळा अडकतं ते पहिलं भुकेलं जनावर. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो, तो नवखा, गावाची सवय नसलेला.

वाळव्याची_सून
आमच्याकडं थ्री फेज लाईट रात्रीची असायची. मोटार चालू करायला मालक बॅटरी घेऊन जायचे, मी इकडं देव पाण्यात घालून बसायची. आता सौर विजेची वेगळी लाईन झालीय, दिवसा पाणी पाजतो. बिबट्या आहे तिथंच आहे, पण जिवाला घोर नाही. दिवसाची लाईट मागा आधी.

आणि पिल्लं सापडली तर हात लावू नका. वनमजुरांनी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली होती, पहाटेपर्यंत आई येऊन घेऊन गेली. आमच्याच शेतात.

शिराळकर
ताईंचं पटलं. दिवसाची लाईट शंभर टक्के.

कृष्णाकाठ
मग कोप्यांचं घ्या की मनावर. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलंय. त्यातून किंवा कारखान्याने स्वतःच्या खिशातून, मजुरांच्या तळाला जाळीचं कुंपण, दोन सोलर दिवे, फिरता संडास आणि दिवसा मुलांसाठी एक सांभाळणारी बाई. आणि कोप्या फडाला चिकटून नकोत. यात नागपूरच्या वनखात्याच्या कुठल्या परवानगीची गरज नाही.

उरमोडी_वारा
कारखाना देतोय होय! एफआरपीचा, म्हणजे उसाच्या ठरलेल्या दराचा, हप्ता वेळेत द्या म्हणावं आधी.

शिराळकर
वार्षिक सभेत ठराव मांडा, सभासद म्हणून मी अनुमोदन देतो. पण त्यातच गोठ्याच्या जाळीला अनुदान हेही घाला. आणि पिंजऱ्याचा अर्ज मी दिलेला आहे, तो मागं घेणार नाही.

कृष्णाकाठ
जाळीचं अनुदान ठरावात घातलं. पिंजऱ्यावर सभेत भांडू.